जास्तीचे नऊ किलोमीटर

"माझ्या वडिलांनी चोरी केलेली नाही," खुर्चीत बसायच्या आधीच ती म्हणाली. "पण नऊ किलोमीटर कुठे गेले, ते त्यांना सांगता येत नाही. आणि खरं सांगू? मलाही नाही."

वहिनींनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. तीस वर्षं त्यांनी एका विमा कंपनीसाठी अपघात झालेल्या गाड्या तपासल्या होत्या. निवृत्तीनंतर लोकांच्या अडचणी तपासू लागल्या. सोबतीला त्यांचे धाकटे दीर, पोस्टातून निवृत्त झालेले भाऊजी. भाऊजींचं अक्षर मोत्यासारखं होतं. डोकं सावकाश चालायचं, पण ते तसं मोकळेपणी कबूल करत.

"आधी पाणी प्या," वहिनी म्हणाल्या. "मग पहिल्यापासून सांगा."

मुलगी शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे तिने नीट क्रमाने सांगितलं. तिचे वडील पितळेच्या ओतीव कामाच्या कारखान्यात बावीस वर्षं ट्रक चालवत होते. ट्रक जवळजवळ तितकाच जुना. बुधवारी पंपांचे बारा पितळी पंखे बारा पेट्यांत भरून निघाले, पोचल्या अकराच पेट्या. ट्रकच्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली वडिलांकडे.

"रस्ता एकशे बारा किलोमीटरचा. त्या दिवशी मीटरवर एकशे एकवीस पडले. पोचायला अकरा मिनिटं उशीरही झाला. हमरस्त्यापासून साडेचार किलोमीटर आत एक भंगारवाला आहे. जाऊन येऊन नऊ."

"बाबा काय म्हणतात?"

"सरळ गेलो, कुठेही थांबलो नाही. बस, एवढंच." ती घाईघाईने पुढे म्हणाली, "उद्या सकाळी मालकीणबाई पोलिसांत जाणार आहेत. मी कितीदा म्हटलं होतं, आता पुरे, घरी बसा. ऐकलं असतं तर आज ही वेळ आली नसती."

"सरळ रस्त्याचे नऊ किलोमीटर वाढत नाहीत हो," भाऊजी हळूच म्हणाले.

"तेच तर बघायचंय," म्हणत वहिनींनी पर्समध्ये मोजपट्टी टाकली.

कारखान्याच्या आवारात ट्रक फलाटाला पाठ लावून उभा होता. वहिनी आधी माणसांकडे गेल्याच नाहीत. त्यांनी पुढच्या चाकाची जमिनीपासून उंची मोजली, मागे टांगलेल्या कधीच न वापरलेल्या स्टेपनीची मोजली, फलाट आणि ट्रकच्या फळीमधला फरक मोजला. मग केबिनमध्ये डोकावून मीटर वाचला. भाऊजींनी वहीत मुकाट्याने लिहिलं: चाक पावणेएकोणतीस इंच. स्टेपनी एकतीस. फळी फलाटापेक्षा बोटभर खाली. मीटर ४८५५२.

"टायर नवे दिसतात," वहिनी म्हणाल्या.

"मंगळवारीच घातले," मालकीणबाईंनी सांगितलं. बाई साठीच्या, ताठ कण्याच्या, आणि त्यांच्यासमोर सगळेच जरा हळू बोलत. "चाकं तीच ठेवा, टायर तेवढे स्वस्तातले बघा, असं मीच सांगितलं होतं. निवड ड्रायव्हरची. बावीस वर्षांत मी त्यांच्यावर कधी शंका घेतली नाही. म्हणूनच जास्त लागलंय."

त्यांनी नोंदवही पुढे केली. निघताना ४८३१०. पोचल्यावर ४८४३१.

"परतीची नोंद?"

"रिकाम्या फेरीची आम्ही कधीच लिहीत नाही. त्यांना तिथूनच बसने घरी पाठवलं आणि ट्रक माझ्या भाच्याने आणला. त्यानंतर ट्रक जागचा हललेला नाही."

भाचा तिशीचा, घोटीव दाढीचा, बोलण्यात चटपटीत. कारखान्याची व्यवस्था तोच बघत होता.

"नऊ किलोमीटर आणि अकरा मिनिटं," तो बोटं दुमडत म्हणाला. "आणखी काय पुरावा हवा? मला वाईट वाटतं हो, पण आकडे खोटं बोलत नाहीत."

"आकडे नाही बोलत," वहिनी म्हणाल्या. "पेट्या तुम्ही भरल्या?"

"गोदामवाल्यांनी अकरा भरल्या. त्यांचा अंगठा चेचला, ते पट्टी बांधायला गेले. बारावी मी स्वतः ढकलगाडीवरून आत नेली. लोण्यासारखी सरकली. फलाट आणि ट्रक एका पातळीत आहेत ना, हात लावायचीही गरज पडत नाही. मग दाराला कुलूपही मीच दाबलं."

"तुम्ही परत कोणत्या रस्त्याने आलात?"

"हमरस्त्याने, नाकासमोर. मला काय भंगारवाल्याकडे काम होतं?"

गोदामवाले गोदामाच्या दारात अंगठा वर धरून बसले होते. पट्टी एवढी मोठी होती की अंगठ्याला फेटा बांधल्यासारखं वाटावं.

"या ढकलगाडीने पिच्छा पुरवला बघा," ते म्हणाले. "एरवी कशी गप सरकते. बुधवारी मात्र कडेवरून उतरताना दर पेटीला धाडकन आपटायची. अकराव्या पेटीला अंगठा सापडला. ट्रक म्हातारा झाला, स्प्रिंगा बसल्या असतील."

"ड्रायव्हर कुठे होते तेव्हा?"

"केबिनमध्ये. तेच नवल! पन्नासराव एरवी खाली उभे राहून एकेक पेटी मोजून घेतात. त्या दिवशी जे चढून बसले, ते उतरलेच नाहीत."

"पन्नासराव?"

"आम्ही म्हणतो हो. काटा पन्नासच्या वर नाही, खाली नाही. मोकळा रस्ता असो नाहीतर सासुरवाडीचं बोलावणं."

भाऊजी हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्या कुंपणाजवळच्या बाकाकडे बघत होत्या. तिथे पन्नासराव बसले होते, शेजारी त्यांची मुलगी. वहिनी जवळ येताच ते उठले, पण उठताना त्यांनी बाकाची कड धरली आणि क्षणभर दात आवळले.

"बसा, दादा. एकच विचारते. पेट्या बारा होत्या, हे तुम्हाला कसं कळलं?"

"ऐकून. दर पेटीला मागे दणका बसत होता. मी बारा मोजले." ते जमिनीकडे बघू लागले. "उतरायला हवं होतं. चूक झाली माझी."

"पण उतरला का नाहीत, बाबा?" मुलीने विचारलं.

ते नखाने बाकाचा रंग खरवडू लागले. तिने तोंड फिरवलं. बापावर विश्वास ठेवणं तिला त्या क्षणी जड जात होतं, आणि त्याचीच तिला लाज वाटत होती.

वहिनींनी मालकीणबाईंना विचारलं, "भट्टी कधी पेटते?"

"शनिवारी. म्हणजे उद्या."

"मग पितळेच्या भंगाराचा ढीग आत्ताच उपसायला सांगा. तोवर सगळे कचेरीत बसू."

कचेरीत पाच खुर्च्या आणि सात माणसं. भाऊजी दाराला टेकून उभे राहिले. भाचा आपण होऊनच खिडकीशी गेला.

"आपण अकरा मिनिटांपासून सुरुवात करू," वहिनी म्हणाल्या. "पन्नासच्या वेगाने नऊ किलोमीटर जायला किती वेळ लागतो, भाऊजी?"

भाऊजींनी वहीच्या कोपऱ्यात गुणाकार केला. "साधारण अकरा मिनिटं. म्हणजे हिशोब जुळला की!"

"नको इतका जुळला. भंगारवाल्याकडे गेलेला माणूस थांबेल, कुलूप काढेल, साठ किलोची पेटी उतरवेल, भाव करेल, पुन्हा कुलूप लावेल. त्याला किती मिनिटं? इथे एकही उरत नाही. हा ट्रक थांबलाच नाही. मग नऊ किलोमीटर आले कुठून? आता परतीचा आकडा सांगा."

"पोचल्यावर ४८४३१. आज ४८५५२." भाऊजींनी वजाबाकी केली, पुन्हा केली आणि डोकं खाजवलं. "एकशे एकवीस! पण परतताना तर..."

सगळ्यांचे डोळे खिडकीकडे वळले.

"हे तर नाकासमोर आले," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "तरी नऊ किलोमीटर जास्तच. मीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. पूर्वीचे टायर एकतीस इंचांचे, त्या स्टेपनीएवढे. नवे पावणेएकोणतीस. चाक लहान झालं की तेवढ्याच रस्त्याला त्याला जास्त फेरे घ्यावे लागतात. एकशे बाराचे एकशे एकवीस होतात, आणि काटा पन्नासवर असला तरी ट्रक सेहेचाळीसनेच चालतो. म्हणून अकरा मिनिटं उशीर."

मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मालकीणबाई मात्र हलल्या नाहीत.

"मग पेटी?"

"टायर लहान झाले तशी फळीही बोटभर खाली गेली. म्हणून बुधवारी दर पेटी आपटली. गोदामवाल्यांच्या अंगठ्याला विचारा. पन्नासरावांनी दणके ऐकले बारा, ट्रकमध्ये पेट्या गेल्या अकरा. बाराव्या दणक्याची पेटी आत गेलीच नाही. आणि ती ज्यांनी ढकलली ते सांगतात, लोण्यासारखी सरकली."

तेवढ्यात बाहेरून ढीग उपसणाऱ्यांची हाक आली: पितळेच्या किसाखाली पेटीच्या फळ्या सापडल्या होत्या, आणि एक पंखा, मधोमध तडकलेला.

"मला ठाऊकच नव्हतं की फळी खाली गेलीय," भाचा पुटपुटला. "ढकलगाडी कडेला उलटली, पेटी फलाटाखाली दगडावर आपटली. मावशी, गेल्या महिन्यात तू म्हणालीस ना, आणखी एक वस्तू मोडलीस तर किल्ल्या काढून घेईन? भट्टीत गेला की कुणाला कळणार नाही, वाटलं. मग तिकडून फोन आला, मीटरचा आकडा आला... आणि मी तोच धरून बसलो."

"आणि त्यांना पोलिसांत धाडत होतास."

मालकीणबाईंनी हात पुढे केला. त्याने किल्ल्यांचा जुडगा त्या हातावर ठेवला.

मग भाऊजींना राहवेना. "पण पन्नासराव, टायर लहान आहेत एवढं एकच वाक्य बोलला असतात तर सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं!"

पन्नासरावांनी मान खाली घातली.

"मीटर फसवतो, हे मला नव्हतं ठाऊक," ते म्हणाले. "पण टायरचा विषयच मला काढायचा नव्हता. का लहान घेतले, असं कुणीतरी विचारलं असतं."

"स्वस्त म्हणून ना?" मालकीणबाई म्हणाल्या.

"स्वस्त तर होतेच. पण तुम्ही सांगितलेल्या भावात एकतीसचेही मिळत होते." त्यांनी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. "चार महिने झाले, केबिनमध्ये धड चढता येत नाही. टायरवाल्याला म्हटलं, याच चाकांना बसतील असे जरा बुटके दे."

"बाबा, केबिन एका इंचाने खाली आली तर काय फरक पडतो?"

"गुडघ्याला विचार." ते कसनुसं हसले. "तुला सांगितलं असतं तर तू घरी बसवलं असतंस. बाईंना सांगितलं असतं तर बाईंनी. चोर म्हणाले तर म्हणोत, पण म्हातारा म्हणायला नको, असं वाटलं. पेट्या मोजायला उतरलो असतो तर परत चढताना सगळ्यांनी बघितलं असतं."

मुलीला रडू फुटलं. ती त्यांच्याशेजारी बसली आणि त्यांचा हात धरून राहिली.

मालकीणबाई बराच वेळ हातातल्या किल्ल्यांकडे बघत होत्या. "एकाने गुडघा लपवला, दुसऱ्याने तडा," त्या अखेर म्हणाल्या. "दोघांनीही माझ्यापासूनच. मी काय वाघीण आहे का?"

गोदामवाल्यांनी आपला अंगठा निरखून पाहिला.

त्या बाहेर आल्या, ट्रकजवळ गेल्या आणि केबिनच्या दाराखाली वाकल्या. पाठोपाठ सगळे आले.

"उद्या भट्टी पेटली की पहिलं काम इथली पायरी," त्या म्हणाल्या. "लोखंडाची करा नाहीतर पितळेची ओता, मला चालेल. स्टेपनी पण या चाकांच्या मापाची आणा. आणि पन्नासराव, सोमवारपासून पेट्या खाली उतरून मोजायच्या. कितीही वेळ लागू दे चढायला."

पन्नासरावांनी मान हलवली.

"पायरी किती उंचीवर हवी?" बाईंनी विचारलं.

वहिनींनी पर्समधून मोजपट्टी काढली आणि मुलीच्या हातात दिली. ती बापाच्या पायाशी गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, "बाबा, दुखायला लागलं की 'थांब' म्हणा. या वेळी खरं सांगायचं."

त्यांनी पाय हळूहळू उचलला. नऊ इंचांवर ते म्हणाले, "थांब."