पाटीवरचा आकडा

रोज सकाळी सात वाजता मी आणि बाबा एकमेकांच्या विरुद्ध पक्षात असायचो. सव्वासातला पुन्हा बाप-लेक. मधली पंधरा मिनिटं ते गावाचे आणि मी कंपनीची. तेवढ्या वेळात त्यांनी मला कधी "बाळा" म्हटलं नाही. "या साहेब, उशीर केलात," म्हणायचे, आणि वर डोळा मारायचे ते वेगळंच.

भानगड अशी होती. गावाच्या कडेला, जुन्या लाकडाच्या वखारीच्या जागी, एआयवाल्या कंपन्यांचं डेटा सेंटर उभं राहिलं. कंपन्या तीन, आणि तिन्ही एकमेकींना पाण्यात पाहणाऱ्या. एकीने दुसरीला स्क्रूसुद्धा उसना दिला नसता. पण एकेकटीला गाव दारात उभं करीना, तेव्हा तिघी एका टेबलाशी बसल्या आणि एकाच कागदावर सह्या केल्या. "तीन तिघाडा, काम बिघाडा," बाबा म्हणाले होते. त्या तिघींची मिळून पाण्याची इंजिनिअर एकच, ती मी. माझ्या गळ्यात तीन ओळखपत्रं लोंबायची.

गावाची अट साधी होती. तुमची यंत्रं थंड ठेवायला तुम्ही आमच्या जमिनीखालचं पाणी उपसणार, मग ते किती खोल गेलं हे आम्हाला रोज कळलं पाहिजे. कुंपणाशी मोजणीची एक विहीर खणायची. मोजायचं हाताने, सेन्सर-बिन्सर नको. आकडा चौकातल्या पाटीवर खडूने लिहायचा. पाणी वीस मीटरपेक्षा खोल गेलं की उपसा बंद, यंत्रं बंद. कारण त्याच झऱ्यांवर गावाचे नळ चालत होते.

गावातर्फे मोजणार कोण, हा प्रश्न आला तेव्हा समितीच्या हेडबाईंनी थेट बाबांकडे बोट केलं. हेडबाई म्हणजे आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. आजही त्यांनी भुवई उचलली की माझा हात आपोआप मागे जातो. बाबांनी चौतीस वर्षं गावाच्या पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवले. कुठल्या गल्लीला पाच मिनिटं जास्त नाही की कमी नाही, अगदी स्वतःच्या सासुरवाडीलाही नाही. (आई अजून ऐकवते.) "नळवाले मोजणार असतील तर आमची हरकत नाही," असं चार-पाच जण म्हणाले आणि सभा संपली. ती अख्खी इमारत बाबांच्या शब्दावर उभी होती. यात मी तिळभरही वाढवून सांगत नाही.

मोजायची पद्धत दोघांनी मिळून ठरवली होती. आधी गाव, मग कंपनी. पोलादी टेपच्या टोकाला पितळी वजन, ते बाबा विहिरीत सोडायचे. पाण्याला लागलं की टप्प असा आवाज यायचा. मग काठाशी टेपवर अंगठा दाबून आकडा वाचायचा आणि मोठ्याने सांगायचा. तोवर मी त्यांच्याकडे पाठ करून उभी. हा नियम बाबांचाच. "तुझा चेहरा बघून कुणी म्हणायला नको की लेकीने खूण केली," म्हणाले. मग मी मोजायचे, ते पाठ करायचे. दोन वह्या, दोन सह्या.

सात महिने आमचे आकडे सेंटीमीटरलासुद्धा चुकले नाहीत.

एके दिवशी मी मोजताना पाहिलं, तर टेपवरचे सोळा ते सतरा मीटरमधले आकडे पार झिजून गेले होते. नुसतं चकचकीत पोलाद. मी चष्मा लावला, सोळाच्या खुणेपासून दुसऱ्या पट्टीने मोजत आले. पाच मिनिटं गेली. सोळा त्रेचाळीस. बाबांनी मघाशी हेच सांगितलं होतं, आणि तेही टप्प झाल्याझाल्या.

मग मला एकेक आठवायला लागलं. बाबा चहा कपाबाहेर ओततात आणि दोष आईवर ढकलतात. हल्ली वर्तमानपत्र आईकडून वाचून घेतात, "तुझा आवाज ऐकायला बरं वाटतं" म्हणून. आई लाजते. परवा तर एका पायात आईची चप्पल घालून चौकापर्यंत जाऊन आले.

"बाबा," मी म्हणाले, "तुम्हाला दिसतं ना?"

सव्वासात वाजून गेले होते, म्हणजे आता ते बाप होते. त्यांनी टेप सावकाश गुंडाळला.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, बाळा. हिवाळ्यापासून नुसतं धुकं आहे. मोतीबिंदू असणार. पण आता मोजायचं सोडलं तर गाव म्हणेल, नळवाले इतके दिवस अंदाजपंचे सांगत होते. मग पाटीवर कोण विश्वास ठेवील?"

"मग आकडा कसा सांगता?"

बाबा हसले. इतकं मायेने हसले की मला अजून तो चेहरा दिसतो.

"आता पुरे कर नाटक. तू पाठ करून उभी राहतेस आणि हळूच सांगतेस, ते काय मला कळत नाही? म्हटलं, पोर बापाची अब्रू राखतेय, आपण कशाला बोलून दाखवायचं."

मी एकदाही, एक अक्षरही बोलले नव्हते.

ते मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. मी इंजिनिअर आहे. आधी तपासते, मग बोलते. दुसऱ्या दिवशी पाठ करून उभी राहिले आणि दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबले. मागे टप्प झालं. पंख्यांची घरघर कुंपणापलीकडून येत होती, ती तर चोवीस तास असते. मग बाबा म्हणाले, "हं." कुणीतरी काही सांगितल्यावर आपण म्हणतो तसं. आणि लगेच, "सोळा एकसष्ट."

मी मोजलं. सोळा एकसष्ट.

तिसऱ्या दिवशी फोनवर रेकॉर्ड केलं. घरघर, टप्प, "हं", आकडा. मध्ये काही नाही. चौथ्या दिवशी माझ्या जागी हेडबाईंना उभं केलं आणि मी लांब फाटकाशी थांबले. आकडा बरोबर आला. परत येताना बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "एवढ्या लांबून ओरडायचं नाही, बाई ऐकतील."

तेव्हा मात्र राहवेना. घरी आल्यावर मी त्यांना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. माझा हात त्यांच्या हातात होता, तो त्यांनी सोडला नाही.

"आवाज तुझाच आहे गं," ते शेवटी म्हणाले. "पण तू नाही म्हणतेस तर नाही. मग आता सभा बोलवायची. गावाला सांगायचं. आकडा माझा नव्हता."

मी नको म्हणाले, ऑपरेशन करून घ्या, कुणाला कळणार नाही, म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. चौतीस वर्षांत सासुरवाडीला पाच मिनिटं न देणारा माणूस!

सभा शाळेच्या हॉलमध्ये भरली. संध्याकाळचं ऊन बाकांवर पडलं होतं. बाबा उभे राहिले आणि आडपडदा न ठेवता बोलले. दिसत नाही. लेकीचा आवाज सांगतो. लेक सांगत नाही. "पाटी उतरवायची तर उतरवा," म्हणाले आणि चाचपडत खाली बसले. माझे डोळे भरून आले. अभिमानानेच.

मग मागच्या बाकावरून बेकरीवाले उठले.

"नळवाले, खोटं कशाला बोलू. आजचा आकडा मला दुकान उघडतानाच कळतो. आमचा दादा सांगतो." त्यांचा दादा परदेशात असतो, हे सगळ्यांना माहीत होतं.

"मला माझी ताई," शिवणकाम करणाऱ्या काकू म्हणाल्या.

"मला आई सांगते," पोस्टमन म्हणाले, आणि खाली बघू लागले.

हेडबाईंच्या बोटांना खडू लागलेला होता. तो पुसत त्या म्हणाल्या, "मी पाटीवर लिहायला जाते तेव्हा हे शेजारी असतात. रोज. मी फक्त लिहून घेते." बाईंचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती.

घाबरलं कुणीच नाही. उलट सगळे हसायला लागले, एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले, "तरीच!" म्हणायला लागले. आपल्यालाच वेड लागलंय असं जो तो समजत होता, त्या सगळ्यांची एकदम सुटका झाली.

"अहो, पण सांगतं कोण?" मी विचारलं.

"आकडा कधी चुकलाय का?" बाईंनी विचारलं.

"नाही. पण—"

"मग झालं तर."

"मला का ऐकू येत नाही?"

बाईंनी माझ्या गालाला हात लावला. शाळेत असताना त्यांनी असं कधी केलं नव्हतं. "तू मोजतेस ना, म्हणून."

बाबांना कायम ठेवायचं, ऑपरेशन करून घ्यायचं आणि तोवर बाईंनी मोजायचं असं ठरलं. ऑपरेशन छान झालं. पट्टी निघाल्यावर बाबा घरभर फिरले. "अगं, तू म्हातारी झालीस!" असं आईला म्हणाले आणि तिने लाटणं उगारलं. खिडकीतून समोरच्या छपरावरची कौलं मोजून दाखवली. आम्ही तिघंही किती दिवसांनी पोटभर हसलो.

पाणी मात्र खाली जात होतं. उन्हाळा आला, यंत्रं जास्त तापू लागली, उपसा वाढला. एकोणीस वीस. एकोणीस साठ. एकोणीस पंचाऐंशी. मी तिन्ही कंपन्यांना पत्रं लिहिली. तिघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं. मी मनाशी म्हटलं, बोट दाखवा नाहीतर हात दाखवा, वीस झालं की चावी माझ्या हातात आहे. कागदावर तसंच लिहिलं होतं. वीसच्या पुढे गावाचा आकडा आणि माझा आकडा जुळला, तरच मी उपसा बंद करायचा.

बाबा परत कामावर आले तो सोमवार होता. नवा टेप होता, आकडे काळेभोर.

"या साहेब," ते म्हणाले.

मी पाठ केली. वजन खाली गेलं. बराच वेळ गेलं.

टप्प.

"हं," बाबा म्हणाले. "अठरा साठ."

मी वळले. पाऊस नाही, उपसा चालू, आणि पाणी सव्वा मीटर वर? मी टेप घेतला. सोडला. अंगठा दाबला.

वीस एकतीस.

पुन्हा सोडला. वीस एकतीस.

"बाबा, इकडे बघा. नीट बघा."

ते वाकले. डोळे स्वच्छ होते, टेप त्यांच्या नाकापासून वीतभर. मी त्यांची बुबुळं आकड्यांवरून सरकताना पाहिली.

"वीस एकतीस दिसतंय खरं," ते म्हणाले.

"मग लिहा."

त्यांनी वहीत लिहिलं. मी पाहिलं. अठरा साठ.

"बाबा!"

"अगं, तूच सांगितलंस ना." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. सात वाजून आठ मिनिटं झाली होती. "डोळ्यांचं काय, हे डोळे मला तीन आठवड्यांपूर्वी मिळाले. तुला मी जन्मापासून ओळखतो, बाळा."

मी चौकाकडे धावले. पाटीवर अठरा साठ लिहून झालं होतं. बेकरीवाले, काकू, पोस्टमन, सगळे पाटीखाली उभे होते आणि त्यांचे चेहरे उजळले होते. पाणी वर आलं होतं ना!

"वीस एकतीस आहे!" मी ओरडले. "माझ्या डोळ्यांनी पाहिलंय! चला, येऊन बघा!"

कुणी रागावलं नाही. "दमलीय पोर," काकू म्हणाल्या आणि त्यांनी मला पाणी दिलं.

मी तिथूनच कंपन्यांना फोन लावला. तिन्ही साहेब लाइनवर आले. गेल्या वर्षभरात त्यांचं एकाही गोष्टीवर एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत तिघेही एका दमात म्हणाले, "अठरा साठ. नोंद झाली."

घरी आले. आई स्वयंपाकघरात नळाखाली पातेलं धरून उभी होती. आई त्या विहिरीकडे कधी फिरकलीही नव्हती, आणि सभेलाही आली नव्हती.

"आई," मी म्हणाले, "तू तरी ऐक. आकडा—"

"अठरा साठ. माहितेय गं, मघाशी खिडकीतून सांगून गेलीस की."

नळ पूर्ण उघडा होता. त्यातून नुसती हवा येत होती. पातेलं कोरडं होतं, आणि आई हसतमुखाने, जराही न हलवता, ते धरून उभी होती.