पाणी पाण्याला भेटेपर्यंत

हे कुणाला सांगणार नाही असं मी विमलआजीला कबूल केलं होतं. तरी लिहिते आहे, कारण शेवटच्या डबक्यात उद्यापुरतंच पाणी उरलं आहे आणि तिथे एकटीने जायची आता माझी हिंमत होत नाही.

विमलआजी आमच्या मागच्या घरात राहते. आमच्या कासू गावाच्या मागे डोंगराकडून येणारी नदी होळीपर्यंत वाहायची थांबते. मग राहतात ती डबकी आणि त्यांत अडकलेले मासे. खालच्या अंगाला कातळात एक खोल कोंड आहे, ती मात्र कधी आटत नाही. आजी दर उन्हाळ्यात डबक्यांतले मासे बादलीने नेऊन कोंडीत सोडायची. पावसात तेच नदीभर पसरतात. यंदा ती अंगणात पडली, खुबा मोडला आणि हे काम माझ्याकडे आलं.

"तुलाच का सांगतेय, ठाव हाय?" ती म्हणाली. "तुला बोलायलाच येत नाय. तुझ्या मैतरणीला, त्या प्रणितेला सांगितलं असतं तर सांजपर्यंत कोलाडला पोचलं असतं."

हसावं की वाईट वाटून घ्यावं ते मला कळेना. पण तिचं खरं होतं. मासे कुठे साठलेत हे कळलं की लोक ते मारून गोळा करायला पाण्यात ब्लिचिंग पावडर टाकतात आणि एका सकाळीत सगळं संपतं.

जायचं ते भर दुपारी, तेव्हा नदीत कोणी नसतं. बादली कोंडीत ओतायची नाही. हळू बुडवायची आणि पाणी पाण्याला भेटेपर्यंत थांबायचं, मासे आपले आपण निघतात. आजीने एवढंच सांगितलं. मी उठून दारापर्यंत गेले, तेव्हा ती मागून म्हणाली, "आणि वाटेत कोणी बादली मागितली तर द्यायची नाय. बोलायचं पण नाय. चालत राहायचं."

"कोण मागेल?"

"कोण नाय मागत. पण मागितली तर."

पहिले दोन दिवस काहीच झालं नाही. बादलीवर ओलं फडकं, पायाखाली तापलेले गोटे, आणि फडक्याखाली माशांची धडपड. ती कडीतून थेट माझ्या बोटांना जाणवायची.

तिसऱ्या दिवशी बादलीत पंधरा-वीस मासे होते. बहुतेक खडस, एक वाम. निम्म्या वाटेवर झाडांतली किरकिर एकदम थांबली. मग वास आला. शाळेची टाकी धुतल्यावर येतो तसा, नाकात चढणारा. नदीत तो वास यायचं काही कारण नव्हतं.

करंजाच्या सावलीत एक माणूस उकिडवा बसला होता. हाफ पँट, खांद्यावर पंचा. मी जवळ येताच तो उठला.

"जड हाय ना गो बाय... दे, मी नेतो."

मी चालत राहिले. तो बाजूने चालू लागला.

"दे ना... मला येतं सोडायला."

आवाज फार नरम होता. मोठ्या माणसाला नाही म्हणायला मला कधीच जमलेलं नाही. दुकानदाराने शिळा पाव दिला तरी मी तो मुकाट्याने घरी घेऊन येते. मी थांबले. कडी सोडली. तेव्हा मला त्याचे हात दिसले. धुणं धुवून उठल्यावर बोटं होतात ना, तशी पांढरी, सुरकुतलेली कातडी. पण पार कोपरापर्यंत.

तो पुढे चालला. बादलीतलं पाणी जरासुद्धा हिंदकळत नव्हतं. कोंडीशी तो गुडघ्यांवर बसला, बादली हळूच बुडवली, अगदी आजीने सांगितलं होतं तशी, आणि थांबला.

पहिला खडस बाहेर आला तो पोट वर करून. मग दुसरा. मग सगळेच. तो एकेकाला बोटाने पुढे ढकलत होता.

"जा... जा ना रे... जा..."

मग त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"दुसरी आण... त्यातला एक तरी..."

मी पळाले.

मी सांगत होते तेवढा वेळ आजीने डोळे मिटून ठेवले होते.

"काळुराम," ती म्हणाली. "मी लग्न होऊन आले त्या साली पाहुणे यायचे म्हणून त्याने कोंडीत पावडर टाकली. अख्खी कोंड पांढरी झाली. मग त्याचं त्यालाच बघवलं नाय. जिवंत असतील ते काढायला आत उतरला. तो काय वर आला नाय."

"तुझ्याकडे पण मागायचा?"

"दर साल. त्याला वाटतं, त्याच्या हातून एक मासा जगला की तो सुटला. पण त्याच्या हातात काय जगत नाय." तिने डोळे उघडले. "मी कधी थांबले नाय गो. तू थांबलीस. आता तो नदीवर वाट बघत बसायचा नाय."

त्याला आज दोन दिवस झाले. मी सकाळी लांबूनच बघून आले. डबक्यात तीसेक मासे आहेत, त्यांतले दोन खडस माझ्या हाताएवढे. पाणी इतकं खाली गेलं आहे की त्यांच्या पाठी उघड्या पडल्या आहेत आणि त्यांवर कावळे उतरतात. बाकीच्या डबक्यांत आता काही नाही. हे गेले तर पावसात नदीला चढायला खडस फारसे उरणार नाहीत. म्हणून मी ठरवलं, बाबांना सगळं सांगायचं आणि त्यांना सोबत न्यायचं. ते दुपारी जेवायला येतात. आता बारा वाजत आले आहेत.

आई पडवीतून हाक मारते आहे.

"मनाली, अगो तुझ्यासंगती नदीवर यायला कोण माणूस आलाय. ये बाहेर. हात धुवायला पाणी मागितलंन, दोन हंडे झाले, तरी म्हणतो अजून..."

मी उठते आहे. मोरीत आत्ता बादलीची कडी वाजली, आणि आई त्याला ती बादली