मास्तरांचं गाऱ्हाणं

गुरुदासने कावेरीला पहिल्यांदा पाहिलं, ती पाय वर आणि डोकं खाली अशी. दोष तिचा नव्हता. शीर्षासनात तो होता.

पंच्याऐंशी सालचा श्रावण. मालवणातल्या एका देवळाच्या सभामंडपात पहाटे त्याचा योगवर्ग भरे. त्या दिवशी अजून कोणी आलं नव्हतं. आली ती पोस्टात कणकवलीहून नुकतीच बदलून आलेली कावेरी, ओली छत्री झटकत.

"देव खंय आसा?" तिने विचारलं.

"आत... गाभाऱ्यात."

"आणि तुमी? खांब काय?"

गुरुदास पडला. सावकाश, शास्त्रोक्त, पण पडलाच.

दुसऱ्या दिवसापासून ती वर्गाला येऊ लागली. पंजाबी ड्रेस, केसांत एक सोनटक्का, आणि डोळे मिटायला सांगितलं की एकच मिटायची खोड.

गुरुदासला लहानपणी दमा होता. घाटावर एका गुरूंकडे दोन वर्षं राहून तो श्वास घ्यायला शिकला, आणि जे आपल्याला मिळालं ते गावाला द्यावं म्हणून परत आला. मन एका जागी स्थिर करा, असं तो वर्गाला रोज सांगे. आता त्याचं स्वतःचं मन खरोखरच एका जागी स्थिर झालं होतं. जागा तेवढी चुकली होती... डावीकडून तिसरी सतरंजी.

"मास्तर, तुमी ह्या कशाक शिकवतास?" एकदा सतरंज्या गुंडाळताना तिने विचारलं.

"आत्म्याच्या उन्नतीसाठी."

"वर्गातल्या त्या दाजींच्या आत्म्याची झाली काय?"

"ते... शवासनात घोरतात."

"आणि माझ्या?"

गुरुदासने दीर्घ श्वास घेतला. मग गुंडाळलेलीच सतरंजी पुन्हा गुंडाळायला घेतली.

मग तो मंगळवार उजाडला. "श्वास घ्या... रोखा..." एवढं म्हणून मास्तरांचं लक्ष सोनटक्क्याकडे गेलं, ते तिथेच राहिलं. वर्ग आज्ञाधारक. कोणी श्वास सोडेना. निवृत्त तलाठी दाजी आधी लाल झाले, मग जांभळे, आणि शेवटी छातीवर हात दाबून फुटले,

"मास्तरानू, सोडूचो काय? की माका थेट वरच धाडतास?"

सगळे हसले. गुरुदास हसला नाही. आपण शिकवतो ते ह्यांच्यासाठी, की एका चेहऱ्यासाठी? तसं असेल तर हा वर्ग नव्हे, फसवणूक. बंद करावा, नाही तर देवाला विचारावं.

वर्ग सुटल्यावर तो विश्राम गुरवाकडे गेला. सगळं खरं सांगितलं आणि म्हणाला, "कौल लाव. पण हळू बोल."

"गाऱ्हाणा काय कानात सांगतत?" विश्राम म्हणाला. "देवाक आणि गावाक, दोघांकव आयकाक येवक व्हया."

त्याने देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला भिजलेल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर वर्ग चालू, डावी पडली तर बंद. बाहेर श्रावणसर आली होती; त्यामुळे घरी निघालेला सगळा वर्ग छपराखालीच अडकला होता. कावेरीसुद्धा. हे गुरुदासला कळलं तोवर विश्रामने तोंड उघडलं होतं.

"बा देवा म्हाराजा! ह्यो तुझो लेकरू दम्यातून वाचलो, म्हणान लोकांक श्वास शिकवूक लागलो..."

"होय म्हाराजा!" सवयीने सगळे गरजले.

"आता पोस्टातला चेडू वर्गाक इला, आणि ह्येचोच श्वास अडाकलो..."

"होय... म्हाराजा?"

कावेरीचे दोन्ही डोळे प्रथमच मिटले. गुरुदासला जमीन दुभंगावीशी वाटली. पण जमीन जांभ्याची, सहजी दुभंगणारी नव्हे.

कळ्या जागच्या हलेनात. तेव्हा दाजी पुढे झाले.

"देवा, वर्ग बंद झालो तर मी सकाळी उठान जातलंय खंय? सहा महिन्यांत पयल्यांदा जिनो चढताना माका दम लागलो नाय."

गुरुदासने वर पाहिलं. महिनाभर त्याने दाजींकडे बघितलंच नव्हतं. त्याच्या स्वतःच्या दम्याच्या दिवसांतला तोच छातीवरचा हात, तोच जपून घेतलेला श्वास... हा माणूस त्याच्या चांगलाच ओळखीचा होता. ह्याच्यासाठीच तर तो परत आला होता.

"चुकलं माझं, दाजी," तो पुटपुटला. "कौल नको. वर्ग चालू राहील. उद्यापासून माझं लक्ष—"

"थांबा," कावेरी म्हणाली. गाल लाल, पण हात जोडलेले. ती गाभाऱ्यासमोर उभी राहिली.

"बा देवा म्हाराजा! ह्येंका सांग, सकाळी दाजींकडे बघा. माझ्याकडे बघूचा आसात, तर..." ती अडखळली. पागोळ्या टपटपत राहिल्या. "तर पोस्ट साडेपाचाक सुटता. धक्क्यार येवा. थंय मी एकटीच आसतंय."

क्षणभर कोणी श्वास घेतला नाही, आज दुसऱ्यांदा. मग दाजींनी, भरपूर हवा घेऊन, देऊळ दणाणून सोडलं,

"होय म्हाराजा!"

कळी त्यानंतर केव्हा तरी पडली म्हणतात. कुठल्या बाजूची, हे बघायला विश्रामसुद्धा विसरला.