उलट्या वळणाची वेणी

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली तेव्हा लोकरताईने धोक्याची घंटा दोनदा दाबली, आणि कुणी येईपर्यंत वेळ फुकट कशाला घालवायचा म्हणून खाली फतकल मारून पिशवीतून सुया काढल्या.

पंचवीस मिनिटांनी वरचं दार हातभर सरकलं. आधी टॉर्चचा उजेड आत आला, मग विस्कटलेल्या केसांचं एक डोकं.

“घाबरू नका हं. हात द्या, वर ओढून घेतो.”

“एक मिनिट—” ती मान वर न करता म्हणाली, “ओळ अर्धी आहे.”

“काय अर्धं आहे?”

“ओळ. मध्येच सोडली की टाके निसटतात.”

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या तरुणाने आजवर अडकलेली पुष्कळ माणसं बाहेर काढली होती. रडणारी, शिव्या देणारी, एक तर देवाला नवस बोलणारे गृहस्थ. पण सुटका करायला आलेल्यालाच थांबायला लावणारं कुणी भेटलं नव्हतं. तो वर जमिनीवर पालथा पडला, हनुवटी हातावर टेकवली आणि मुकाट्याने वाट बघत राहिला. ओळ संपली. तिने वर पाहिलं... आणि पुढची ओळ सुलट की उलट, हे ती साफ विसरली.

“तुमचं नाव खाली लिहून घ्यायचंय,” बाहेर आल्यावर तो म्हणाला. “वॉचमन म्हणाला, लोकरताई अडकल्यात. पण मी काही तुम्हाला ताई म्हणणार नाही.”

“का?”

“उगाच कशाला पुढची वाट बंद करा!”

ती लाल झाली आणि जिन्याने चार मजले चढून घरी गेली. लिफ्ट सुरू झाली होती, हे तिला दारात पोचल्यावर आठवलं.

लोकरताई हे नाव इमारतीतल्या मुलांनी ठेवलेलं. थंडीचे चार महिने तिच्या सुयांना उसंत नसे. आत्तासुद्धा तिच्याकडे पाच कामं सुयांवर चढलेली होती: डॉक्टरीणबाईंचा बिनबाह्यांचा स्वेटर, खालच्या तान्ह्या बाळाचं टोपडं, वॉचमनचा मफलर, एका आजोबांसाठी गुडघ्यावरची शाल, आणि वहिनीचे हातमोजे, त्यांपैकी एकच तयार, तोही मागच्या वर्षापासून. एकही संपत नव्हतं. कारण तिला चूक खपत नसे. दहा ओळी मागे एक टाका चुकलेला दिसला की ती दहाच्या दहा ओळी उसवायची.

“अगं, त्या आजोबांच्या गुडघ्यांना काय कळणार आहे टाका चुकलाय ते!” वहिनी कपाळाला हात लावायची.

“मला कळतं ना.”

दुसऱ्याच दिवशी तो दारात हजर. हातात कापडी पिशवी, आणि कालचा आगाऊपणा कुठल्या कुठे पळालेला. पिशवीतून त्याने राखाडी लोकरीचे भाग काढून टेबलावर एकेक करून मांडले. पाठ, पुढचा भाग, एक बाही. पाठीवर आणि बाहीवर मधोमध वेण्या घातलेल्या, म्हणजे तीन टाक्यांवरून तीन टाके वळवून पीळ दिलेल्या. हात कसलेला होता, ते तिने एका नजरेत ओळखलं.

“माझ्या आत्याने विणलंय. लहानपणापासून तिनेच वाढवलं मला. पावसाळ्यात तिच्या उजव्या हातातली ताकद गेली. आता चमचासुद्धा डाव्या हाताने धरते.” त्याने बाहीची घडी सारखी केली. “हे तिचं शेवटचं विणकाम. दुसरी बाही आणि गळा राहिलाय. मी बारा दिवसांनी, रविवारी जातोय. डोंगरावर नवीन इस्पितळ होतंय, तिथल्या लिफ्ट बसवायच्यात. तिकडे थंडी मरणाची. हा घालून जावं असं तिच्या मनात आहे... माझ्याही.”

पाच कामं अंगावर असताना सहावं घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा होता. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून मान हलवून नको नको करत होती.

“देते करून,” लोकरताई म्हणाली.

“एकच अट आहे. आत्याच्या हातचा एकही टाका हलवायचा नाही.”

“कबूल.”

त्यानंतर त्या इमारतीच्या लिफ्टची जितकी निगा राखली गेली तितकी ती बसवल्यापासून राखली गेली नव्हती. एक दिवस तेल, एक दिवस दाराची चाकं, एक दिवस नुसताच आवाज ऐकायला. काम झालं की तो बाहीची प्रगती बघायला वर यायचा. थंडीने लाल झालेली बोटं चहाच्या कपाभोवती गुंडाळून तिच्यासमोर बसायचा.

“हात पुढे करा, मनगटाचं माप घ्यायचंय.”

“परवाच घेतलंत.”

“खात्री करून घेतलेली बरी.”

“घ्या की. दोन्ही हातांचं घ्या. सावकाश घ्या.”

टेप तिच्या बोटांतून दोनदा सुटली. डोळे मात्र टेपवरच खिळलेले होते, आणि टेपवरचा एक आकडा तिला दिसत असेल तर शपथ!

पाच दिवसांनी, रविवारी दुपारी, ती घटना घडली. डॉक्टरीणबाईंचा स्वेटर बाजूला ठेवून तिने राखाडी पाठ हातात घेतली. खांदे जोडायचे होते. सहज वेणीवरून बोट फिरवलं, आणि बोट थबकलं. सगळे पीळ उजवीकडे वळत होते, आणि खांद्याच्या खाली चार बोटांवर एक पीळ डावीकडे. एकच! एवढ्या सुंदर कामात हा एक डाग. बिचाऱ्या आत्यांना दिसलं नसेल... आता दुरुस्त करायला त्यांना हातही नाही. खांद्याचे टाके अजून मोकळेच होते, दोऱ्यात ओवून ठेवलेले. मनाशी विचार पुरता व्हायच्या आत तिने दोरा ओढला.

बावीस ओळी उसवल्या. संध्याकाळच्या आत पुन्हा विणल्या. पीळ उजवीकडे वळवला. कुठे जोड दिसत नव्हता. आपण दिलेला शब्द तिला आठवला नव्हता असं नाही. आठवला होता. पण चूक म्हणजे काही टाका नव्हे, असं तिने स्वतःला समजावलं, आणि मनातून खूशही झाली.

दुसऱ्या दिवशी त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, “तुम्हाला एक गंमत दाखवायची राहिली. यात एक वेणी उलटी आहे.”

तिच्या हातातली सुई थांबली.

“मी डोंगरावरच्या कामाची बातमी सांगितली तेव्हा आत्या हेच विणत होती.  नुसतं ‘बरं झालं’ म्हणाली. पण पुढच्या ओळीला बघतो तर वेणी भलतीकडेच वळलेली! आख्ख्या जन्मात तिची ती एकच चूक. मी म्हटलं, हीच मला हवी.” त्याने पुढचा भाग उचलून पालथा केला, मग बाही चाचपली. “कुठे बरं... पाठीवर असेल—”

त्याचा हात पाठीकडे गेला, आणि खालून वॉचमनने हाक मारली. लिफ्ट पुन्हा अडकली होती, आणि या खेपेला खरोखरच. “नंतर दाखवतो!” म्हणत तो धावत खाली गेला.

लोकरताई जागची हलली नाही. 

“सांगून टाक,” सगळं ऐकून वहिनी म्हणाली.

“पुन्हा पायरी चढणार नाही तो.”

“मग पुन्हा उलटी घाल वेणी. कोणाला कळणार आहे?”

“मला कळेल, वहिनी. ती त्यांची नसेल. त्यांची सही मी करायची का?”

 पुढचे पाच दिवस लोकरताईचे कसे गेले ते तिचं तिलाच ठाऊक. तो आला की ती पाठ इतर कामांच्या ढिगाखाली सारायची. तो हसला की ती हसायची. तो म्हणायचा, “मी गेल्यावर लिफ्ट अडकली तर ओळ पूर्ण होईपर्यंत कोण थांबणार?” आणि तिच्या ओठांपर्यंत शब्द यायचे... आणि तिथूनच परत फिरायचे. बाही मनगटाकडून वर सरकेना. विणायची, उसवायची. टाके इतके आवळले जायचे की सुई शिरेना. शेवटी शनिवारी सकाळी ती सबंध बाही उसवून बसली, अगदी पहिल्या ओळीपासून. तो उद्या अकराला निघणार होता.

तशीच सगळं पिशवीत भरून ती त्याच्या घरी गेली. दार त्यानेच उघडलं. खोलीत बांधाबांध चालली होती. आत्या खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, उजवा हात उशीवर निजवलेला. त्याच्या आतेभावाचं बिऱ्हाड वरच्याच मजल्यावर होतं, तेव्हा त्यांची काळजी नव्हती, पण भाच्याच्या बॅगेकडे त्या पाहत नव्हत्या.

लोकरताईने पाठ त्यांच्या मांडीवर ठेवली आणि उभ्या उभ्याच बोलली. “आत्या, मी तुमची वेणी उसवली. उलटी होती ती. मला ठाऊक नव्हतं ती कसली आहे... पण टाका हलवणार नाही असा शब्द दिला होता, आणि तो मोडला.”

आत्यांनी डाव्या हाताने खांद्याखाली चाचपून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“हात चांगला आहे तुझा,” त्या म्हणाल्या. “मीच उसवणार होते. यानेच उसवू दिली नाही. डोळ्यांत सलायची मेली!”

लोकरताईला हसू येणार होतं, तेवढ्यात तिची नजर त्याच्याकडे गेली. तो हसत नव्हता.

“कधी उसवलीत?”

“मागच्या रविवारी.”

“म्हणजे मी शोधत होतो तेव्हा—”

“तेव्हा ती नव्हती.”

“आणि तुम्ही पाच दिवस माझ्यासमोर बसून चहा पीत होतात.” त्याचा आवाज चढला नाही, आणि त्याचंच तिला जास्त लागलं. “वेणीचं एक वेळ सोडा. मला वाटलं होतं, तुमच्या तोंडावर जे असतं तेच मनात असतं. राहू द्या आता बाही. तिकडे मिळेल एखादा विकतचा.”

तो गॅलरीत गेला. मागे दार लागलं.

तिने पिशवी उचलली. डोळ्यांसमोर सगळं धूसर झालं होतं.

“कुठे निघालीस?” आत्या कडाडल्या. “बस इथे. काम अर्धं टाकून जातेस? सुया काढ.”

ती बसली. सुया काढल्या. ओळ, मग ओळ, मग ओळ. खिडकीतलं ऊन सतरंजीवरून सरकत भिंतीवर गेलं. आत्या डोळ्यांत तेल घालून बघत होत्या, मधूनच “सैल सोड हात” म्हणत होत्या. काचेपलीकडे त्याची पाठ दिसत होती. एकदाही वळली नाही ती. हा माणूस उद्या निघून जाईल आणि आपल्याला तो हवा आहे, हे लोकरताईला तेव्हा लख्ख कळलं, अगदी उशिरा, आणि नेमकं वेणी वळवताना.

पुढच्या ओळीला ती थबकली.

“दिसली ना?” आत्यांनी हळूच विचारलं.

“दिसली.”

आत्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग गॅलरीकडे. लोकरताईने एक श्वास घेतला आणि पुढची ओळ सुरू केली.

उरलेलं काम घरी आणून ती रात्रभर विणत बसली, आणि रविवारी सकाळी दहा वाजता तिने गळ्याचा शेवटचा टाका बंद केला. स्वेटर छातीशी धरून ती लिफ्टमध्ये शिरली. लिफ्ट निघाली, गुरगुरली, आणि तिसऱ्या व चौथ्याच्या मध्ये थांबली.

“आजच?” ती रडवेली होऊन घंटेवर घंटा दाबत सुटली. पाऊण तासात तो निघणार होता!

वरचं दार हातभर सरकलं. तेच विस्कटलेले केस. तो पालथा पडून आत बघत होता.

“बिघडली नाहीये,” तो म्हणाला. “तुम्हाला आत शिरताना बघून मीच बंद केलीय. जिन्यात गाठलं असतं तर तुम्ही पळाला असतात.” मग जरा थांबून, “मीही पळालो असतो. काल पळालोच की.”

ती टाचा उंचावून स्वेटर वर देऊ लागली. त्याने तो तिथेच, जमिनीवर बसून, अंगात घातला. पाठ बसली, गळा बसला. त्याने डावी बाही मनगटाशी सारखी केली, आणि त्याचं बोट कोपराच्या खाली अडलं.

“ही... ही उलटी आहे.”

“हो.”

“मुद्दाम घातलीत? आत्याच्या बदली?”

“नाही.” या वेळी शब्द परत फिरले नाहीत. “त्यांची मला परत देता येणार नाही. ही माझी आहे. काल तुम्ही गॅलरीत उभे होतात, वळून बघत नव्हता, तेव्हा झाली. पुढच्याच ओळीला दिसली मला.”

“मग उसवली नाहीत?”

“नाही उसवली. माझ्या हातून आजवर एकही चूक घराबाहेर गेलेली नाही. ही पहिली. ती तुमच्याकडे राहू दे... म्हणजे मी काय लपवते, काय नाही, याचा हिशोब मागायला तरी परत याल.”

तो कितीतरी वेळ त्या पिळावर अंगठा फिरवत राहिला.

“आत्या काल काय म्हणाली सांगू? म्हणाली, माझी गेली तर जाऊ दे, तुला दुसरी मिळाली. मला वाटलं, म्हातारी भ्रमली.” तो हसला, आणि त्याचे डोळे भरून आले. “सहा महिने लागतील तिथे. थांबशील?”

ते ‘थांबशील’ त्याच्या तोंडून कसं निघून गेलं ते दोघांनाही कळलं नाही.

“पाच कामं आहेत सुयांवर,” ती म्हणाली. “ती संपवते तोवर. आणि तू ये. मला तू हवा आहेस, एवढंच सांगायचं होतं. काल सांगायचं होतं. त्याच्याही आधी.”

त्याने हात खाली सोडला. राखाडी बाहीतला, उलट्या वेणीचा हात. तिने तो धरला, पण वर चढण्याची घाई दोघांनाही दिसली नाही.

“अहो, झाली का लिफ्ट?” खालून वॉचमन ओरडला. “माणसं खोळंबलीत इथे!”

“नाही हो,” हात न सोडता तो ओरडला. “ओळ अर्धी आहे!”