परतीच्या दाराची रिंग

"गुल्या, तू पृथ्वीवर परत जायचा नाहीस. नुसत्या बाता!" नामा शेलारने भर चौकात, चहा फुरकत डिवचलं.

"आणि शिमग्याआधी गेलो तर?"

"तर बायकोचं लुगडं नेसून मी इथंच नाचेन. नाही गेलास, तर तू नाचायचं."

"ठरलं!" गुलाब तांडेलने सणसणीत टाळी दिली आणि चंद्रावरची अख्खी तांबडी गल्ली फिदीफिदी हसली.

गल्ली कसली, जमिनीखाली पुरलेला लांबलचक डबा. आत दीडशे माणसं, बाहेर हवेचा लवलेश नाही. चौकाच्या टोकाला पोलादी दार आणि दारापलीकडे चाळीस जणांचं परतीचं यान कायम तयार. ज्याला जायचंय त्याने खुशाल जावं. बारा वर्षांत कुणी गेलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी. पण नवरा-बायकोचं वाजलं की कुणीतरी दाराकडे बोट दाखवायचं, "हा चाललो बघ!" आणि मग निमूट जेवायला बसायचं.

गुलाबला ते जमेना. जन्म वेसाव्याच्या पाण्यात गेलेला. इथं जमीन हलतच नाही म्हणून त्याचा पायच हलत राहायचा. झोपेतसुद्धा. त्यात परवा फोनवर त्याची आय म्हणाली, "तुझी वाट बघून डोलं थकलं रं. पुढचा शिमगा मला गावंल का नाय, कोन जाने."

तो तडक दाराची देखभाल बघणाऱ्या डॉक्टर रेवा अभ्यंकरांकडे गेला.

"मॅडम, दार उघडा. निघतो मी."

रेवाबाईंनी आधी खोलीची कडी लावली. मग दोन पोलादी चकत्यांमध्ये आवळलेली एक काळी रिंग पुढ्यात ठेवली.

"कुकरची रिंग बघितलीय ना, गुलाबभाऊ? दाराची तशीच, फक्त मांडीएवढी जाड. दार आवळलं की रबर दबतं. दबलं की ते परत फुगायला बघतं, दोन्ही बाजूंना रेटा देतं. त्या रेट्यानेच फट बुजते. आपली हवा कुलपाने नाही, रबराच्या हट्टाने आत राहते."

"मग?"

"ही रिंग दाराच्याच रबराची. बारा वर्षांपूर्वी दार लावलं त्याच दिवशी आवळून ठेवलेली." त्यांनी स्क्रू सोडले.

रिंग फुगली नाही. भाकरीसारखी चपटी पडून राहिली. गुलाबने नख रुतवलं, वाकवलं, झटकलं. चपटी ती चपटीच.

"याला आम्ही दाबविसर म्हणतो. इतकी वर्षं दाबलेलं रबर आपला मूळ आकार विसरतं. हललं नाही तोवर आहे तिथं फट बुजवून बसतं. पण एकदा दार उघडलं, की परत घट्ट बसणार नाही."

"नवीन मागवा की!"

"रबर चौकटीतच ओतलंय. अख्खी चौकट आणायची तर ती याच दारातून आत यायची. मालाच्या झडपेतून तांदळाचं पोतं कसंबसं येतं."

गुलाबचा पाय हलायचा थांबला. "म्हणजे मी गेलो, तर..."

"मागे राहतील त्यांची हवा तुमच्या मागोमाग निघेल."

"सांगा मग सगळ्यांना!"

"मलाच मागच्या आठवड्यात कळलं. जागा चाळीस, माणसं दीडशे. सांगितल्यावर या दारापाशी काय होईल, तुम्हीच बोला."

गुलाबने रिंग पुन्हा चकत्यांमध्ये ठेवली, कडी काढली आणि तो बाहेर पडला.

शिमगा आला. नामाच्या बायकोने, ताराबाईने, स्वतःच्या हाताने गुलाबला लुगडं नेसवलं, गालाला लाली फासली. दारासमोरच ढोल घुमला. गुलाबने कमरेला असा काही झटका दिला की म्हातारे खोकेपर्यंत हसले.

"का रे, गेला का नाहीस?" कुणीतरी ओरडलं.

"तंतरली माझी!"

"फट्टू लेकाचा!" नामा डोळे पुसत पुढे झाला. "अरे, या दाराला भ्यायचं काय? मी जाऊन दाखवतो. उद्याच! कोण कोण येतंय?"

"मी!"

"मीपण!"

भराभरा हात वर झाले. दोन मोजले की वीस, गुलाबला कळेना. गर्दीत रेवाबाईंचा चेहरा तेवढा पांढराफटक दिसला. नामा हसत हसत दार उघडायचं चाक आत्ताच फिरवून बघायला निघाला.

गुलाबने नाच थांबवला नाही. गिरक्या घेत तो नामाच्या आधी दारापाशी पोचला, चाकाला पाठ लावली आणि तिथंच ठुमकायला लागला. लुगड्यातून पोलादाचा गारवा पाठीत शिरला.

"सरक की, गोमू!" नामाने त्याचा पदर ओढला.

"वाजवा रे, थांबलात काय!" गुलाब बेंबीच्या देठापासून ओरडला. "माझी पैज अजून फिटली नाही!"