भरलेली गव्हाण

फोन आला तेव्हा भाऊजी गालाला साबण लावून बसले होते. अर्धी दाढी झाली असेल-नसेल, तोच वहिनींनी दारातून सांगितलं, गाडी काढा, डुकरांचं प्रकरण आहे. भाऊजींनी आयुष्यात बऱ्याच गोष्टींची तयारी ठेवली होती. त्यात डुकरं नव्हती.

या दोघांचं नातं आधी सांगितलेलं बरं. वहिनी खासगी तपास करत. पूर्वी त्या एका विमा कंपनीत खोटे दावे हुडकून काढायच्या कामावर होत्या. नवऱ्याच्या माघारी त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. गाडी त्यांची, रिकामा वेळ त्यांचा आणि चुकीचे अंदाजही बहुधा त्यांचेच. वहिनींना म्हणे मोठ्याने विचार करायला समोर कुणीतरी लागतं. 'कुणीतरी' म्हणजे कसा माणूस, हे भाऊजींनी कधी खोदून विचारलं नव्हतं.

फोनवर वहिनींनी डुकरांच्या फार्मच्या मालकांना दोनच सूचना दिल्या होत्या. जनावरांना हाताने खाऊ घाला, आणि मी येईपर्यंत यंत्राला कुणी बोट लावू नका.

मालक फाटकातच उभे होते. थोराड बांध्याचा, कमी बोलणारा माणूस. पण आज बांध फुटला होता. डुकरांना खाद्य घालायचं यंत्र बसवून वर्ष होऊन गेलं होतं. बाहेरच्या टाकीतलं खाद्य नळीतून आपोआप शेडमध्ये यायचं आणि कप्प्याकप्प्यातल्या गव्हाणीत पडायचं. सगळं सुरळीत होतं. अलीकडे मात्र एखाद्या संध्याकाळी खाद्य पडतच नाही. रात्रभर उपाशी राहिलेली डुकरं पिसाळतात, एकमेकांची शेपटं आणि कान फोडतात. आज तर एक गाभण डुकरीण त्या झटापटीत चेंगरून मेली होती.

"आणि हे कधी होतं माहीत आहे?" मालक म्हणाले. "ज्या दिवशी आमचे जावईबापू सुट्टीवर असतात, नेमकं त्याच दिवशी. यंत्र तेच सांभाळतात. जाताना काहीतरी करून जातात."

"कशासाठी?"

"त्यांना शहरात जायचंय. फार्म बुडालं की मी विकून टाकीन, असा हिशेब. तुम्ही फक्त पुरावा द्या. आजच्या आज त्यांना बाहेर काढतो."

"आणि मुलगी?"

मालकांनी फाटकाच्या कडीशी उगाच चाळा केला. मग म्हणाले, "ती म्हणते, तो गेला तर मीही जाते. तिचे दिवस भरत आलेत."

भाऊजींना त्यांची कणव आली. माणूस रागावलेला दिसत होता, पण आतून घाबरलेला होता.

शेड लांबलचक होती. एका बाजूला ये-जा करायची वाट, दुसऱ्या बाजूला ओळीने कप्पे, वरून गेलेली जाड नळी आणि तिच्यातून प्रत्येक गव्हाणीत उतरणारा एकेक पाइप. भाऊजींनी नाकाला रुमाल लावला. वहिनींनी साडीचा काठ जरा वर खोचला आणि सरळ चालायला लागल्या. बऱ्याच डुकरांच्या कानांवर ताज्या जखमा होत्या.

यंत्राच्या खोलीत खटका 'ऑटो'वर होता. हिरवा दिवा लागलेला. बिघाडाची खूण कुठेच नव्हती.

"पुरेसं खाद्य पडलं, आता थांबायचं, हे यंत्राला कसं कळतं?" वहिनींनी मालकांना विचारलं.

"कळतं त्याला. कंपनीचा माणूस सगळं जावयाला शिकवून गेला. मी त्या भानगडीत पडत नाही," मालक म्हणाले आणि बाहेरच थांबले.

तात्या नावाचा म्हातारा कामगार वाटेत गाडा धुत होता. यंत्र येण्याआधी बादल्या भरभरून खाद्य घालायचं काम त्याचं आणि मालकांचं. यंत्राबद्दल त्याचं मत वाईट होतं आणि ते त्याने न विचारता सांगितलं. बंद पडलं की शेवटी तात्याच लागतो, एवढं म्हणताना तो जरा सुखावलेलाही वाटला. भाऊजींनी वहिनींकडे सूचक पाहिलं. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"एरवी असं झालं की तुम्ही काय करता?"

"खोलीतलं दुसरं बटण दाबलं की धो धो पडतं. जावयांनीच दाखवून ठेवलंय. ते परत येईपर्यंत सगळीकडे भरून जातं. आज तुम्ही हात लावू नका म्हणालात, म्हणून गाडा ओढावा लागला. एक शेवटचा कप्पा तेवढा वाचला."

"का?"

"तिथलं भरलेलंच होतं."

शेवटच्या कप्प्यात कोण असतं, असं वहिनींनी विचारलं. तात्याने तोंड वाकडं केलं. ती मरतुकडी पिल्लं, तो म्हणाला. मोठी डुकरं त्यांना खाऊ देत नाहीत म्हणून मालकांनी अलीकडेच सगळी कमजोर पिल्लं तिकडे नेऊन ठेवली. तो असता तर केव्हाच विकून मोकळा झाला असता. यंत्राचा हा त्रासही साधारण तेव्हापासूनच सुरू झाला, पण त्याचा याच्याशी काय संबंध, असं म्हणून तो पुन्हा गाड्याला लागला.

शेवटच्या कप्प्यात पिल्लं एकमेकांच्या अंगावर पडून गाढ झोपली होती. पोटं टम्म. एकाच्याही कानाला ओरखडा नव्हता. गव्हाण गच्च भरलेली होती, पण गंमत अशी की खाद्याचा ढीग वाटेच्या बाजूला उंच होता आणि पाइपाच्या तोंडाखाली उतरता. वहिनींनी बाही सारून हात आत घातला. मूठभर खाद्य बाहेर काढून बोटांनी चुरडलं, तर त्याचे गोळे निघाले.

"भाऊजी, वास घ्या."

"मी?"

"नाकाचा रुमाल काढून."

भाऊजींनी डोळे मिटून वास घेतला. "आंबूस आहे. पण वाईट नाही. लहान मुलाच्या झबल्याला येतो तसा."

वहिनी पहिल्यांदाच त्यांच्यावर खूश झाल्यासारख्या दिसल्या. का, ते त्यांना कळलं नाही.

जावई शेडच्या मागे आपल्या खोलीच्या पायरीवर बसला होता. शेजारी भरलेली बॅग. वहिनींनी यंत्राचं विचारताच मात्र तो मोकळेपणाने बोलायला लागला. नळीत एक लांबच लांब पीळदार सळी फिरते आणि खाद्य पुढे ढकलते. पहिली गव्हाण भरली की खाद्य दुसरीकडे जातं, ती भरली की तिसरीकडे. शेवटच्या गव्हाणीत एक छोटी पाकळी बसवलेली आहे. खाद्याचा दाब तिच्यावर आला की मोटर थांबते.

"म्हणजे शेवटच्याचं भरलं, की सगळ्यांचं भरलं असं यंत्र धरून चालतं," वहिनी म्हणाल्या.

"हो. त्याच्या आधीचं भरल्याशिवाय शेवटच्याला मिळतच नाही ना."

"खाद्य ओलं करता कधी?"

"छे. ओलं खाद्य या नळीतून सरकतच नाही. गोळे होऊन अडकतं."

"सुट्टीच्या दिवशी कुठे जाता?"

"आईकडे. मुक्काम करून सकाळी येतो." त्याने बॅगेकडे पाहिलं. "मागच्या खेपेला शहरात नोकरीचंही विचारून आलो. खोटं कशाला बोलू?"

"सासऱ्यांना माहीत आहे?"

"आमच्यात 'जेवायला बसा' याच्यापुढे बोलणं जात नाही."

मालकांच्या घराकडे जाताना भाऊजींनी आपला निकाल देऊन टाकला. पाकळीची गोष्ट याला ठाऊक, यंत्र याच्या ताब्यात, नोकरी शोधतोय, आणि घटना याच्याच सुट्टीच्या दिवशी. आणखी काय हवं?

"तुमचं सगळं बरोबर आहे," वहिनी म्हणाल्या. "फक्त तो वास त्यात बसत नाही."

घरात मुलीने चहा ठेवला होता. जड अंगाने ती ओट्याशी वावरत होती, आणि डोळे सुजलेले होते. चहा काळा होता. भाऊजींचा चेहरा पाहून ती ओशाळली. "काल दुपारीच दुधाच्या पिशव्या आणून ठेवल्या होत्या. कुठे गेल्या कोण जाणे."

"संपलं असेल," मालक म्हणाले आणि बिस्किटांची बशी टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला बसलेल्या भाऊजींपुढे सरकवली. वहिनी मालकांच्या अगदी शेजारी बसल्या होत्या. त्यांना बशी नंतर मिळाली.

वहिनी हसल्या. "टोकापासून सुरुवात करायची पद्धत दिसते तुमच्याकडे."

"सवय आहे. भावंडांत मी शेंडेफळ. ताट माझ्यापर्यंत येईतो त्यात काही उरायचं नाही. पुढे बादलीने खाद्य घालायचो, तेव्हाही शेवटच्या कप्प्यापाशी आलं की बादली खरवडावी लागायची. शेवटच्याला कायम कमीच पडतं."

वहिनींनी कप खाली ठेवला. चहा अर्धा तसाच होता. भाऊजी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते. ही कोडं सुटल्याची खूण होती. पण एरवी असतो तो उत्साह आज त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता.

"मालक, मला काय कळलंय ते आधी तुम्हाला एकट्याला सांगू का?"

"नाही. सगळ्यांसमोर. त्यांच्या तोंडावर." त्यांनी स्वतःच जाऊन जावयाला आणि तात्याला हाक मारली.

जावई उंबऱ्याशी उभा राहिला. बॅग त्याच्या हातातच होती.

"यंत्र बिघडलेलं नाही," वहिनींनी सुरुवात केली. "खटका जागेवर आहे, दिवा हिरवा आहे. कालही ते नेमाने चालू झालं असतं. पण शेवटची गव्हाण आधीच भरलेली होती. पाकळीवर दाब होता. यंत्राने समजून घेतलं की सगळ्यांची पोटं भरलीत, आणि ते गप्प बसलं. पाइपाखाली ढीग नव्हता, वाटेच्या बाजूला होता. म्हणजे ते खाद्य वरून पडलेलं नाही. वाटेत उभं राहून कुणीतरी ओतलं."

"पाकळीचं फक्त यांनाच माहीत," मालक जावयाकडे बोट करून म्हणाले.

"म्हणूनच ते नव्हेत. ज्याला पाकळी माहीत आहे, त्याला मोटर थांबवायला बोटभर चिंधी पुरते. तो बादली उचलायचे कष्ट कशाला घेईल? आणि ते खाद्य नुसतं ओतलेलं नव्हतं. दुधात कालवलेलं होतं, लहान तोंडांना खाता यावं म्हणून. उपाशी मारायला निघालेला माणूस कुणासाठी दूध कालवत नाही. हे ज्याने केलं त्याला यंत्र कसं थांबतं ते ठाऊक नाही, आणि त्या मरतुकड्या पिल्लांवर त्याचा जीव आहे. तात्यांचा नाही, ते तसं सांगतातच. शिवाय दूध या घरातून गेलं. ताईंना या दिवसांत भरली बादली शेडच्या त्या टोकापर्यंत नेता यायची नाही. जावई काल इथे नव्हते."

भाऊजींना आता कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

"पण मग सुट्टीच्याच दिवशी का?" मुलीने विचारलं. तिचं लक्ष वडिलांकडे होतं.

"कारण एवढा खर्च करून यंत्र आणल्यावर पुन्हा बादली घेऊन जाताना जावयाने बघू नये, असं त्यांना वाटत असणार. ते नसतील तेव्हाच जायचं. सकाळी तात्या पाकळीला न जुमानणारं ते दुसरं बटण दाबत, सगळ्या गव्हाणी भरून जात, खूण उरत नसे. मालक, सुट्टीच्या दिवसाचा जो पुरावा तुम्ही मला सांगितलात, तो तुमच्याच विरुद्ध होता."

मालक खुर्चीत बसले.

"मला वाटलं, यंत्र काय, पुढच्यांचं आधी भरणार. त्या पिल्लांपर्यंत पोचेल न पोचेल." त्यांनी आपले तळहात उलटून पाहिले. "म्हणजे बाकीच्यांना मी उपाशी ठेवलं?"

"तुम्हाला ते ठाऊक नव्हतं," वहिनी म्हणाल्या.

"विचारलं असतं तर कळलं असतं." ते जावयाकडे वळले. "मला कधी सांगितलं नाहीत, की शेवटी ती पाकळी असते म्हणून."

"तुम्ही यंत्राच्या खोलीत कधी आलाच नाहीत, बाबा," जावई म्हणाला.

मुलगी मध्ये आली नाही. ओट्याला टेकून तिने एक हात पोटावर ठेवला होता. "तुम्ही कायम शेवटच्या कप्प्याकडे बघता," ती हळूच म्हणाली. "आमचं भरलेलं असेल असं तुम्ही धरूनच चालता."

भाऊजींना वाटलं, आता हे दोघं निघून जाणार, आणि त्यात त्यांची चूकही नाही.

"ती डुकरीण कुठे ठेवलीय?" मालकांनी तात्याला विचारलं.

"शेडमागे. माणसं बोलावतो पुरायला."

"माणसं नकोत. मी पुरतो." ते उठले आणि भिंतीशी टेकवलेलं फावडं घेऊन बाहेर पडले. उन्हात त्यांची पाठ म्हाताऱ्या माणसासारखी वाकलेली दिसली.

जावयाने बायकोकडे पाहिलं. तिने काहीच खुणावलं नाही; निर्णय त्याच्यावर सोडला होता. थोड्या वेळाने त्याने बॅग उंबऱ्याच्या आतल्या बाजूला ठेवली, कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि सासऱ्यांच्या मागोमाग गेला.

शेडमागून आधी नुसते कुदळीचे घाव ऐकू आले. मग मालकांचा आवाज आला. ती सळी नळीत फिरते कशी, असं ते विचारत होते, आणि जावई धापा टाकत सांगत होता.

भाऊजींनी गाडीची किल्ली काढली. "निघायचं?"

"जमीन कडक आहे, खड्डा मोठा लागेल," वहिनी म्हणाल्या. "आणि त्यातला एक जण दमलेला आहे."

भाऊजींनी एक सुस्कारा टाकला, किल्ली वहिनींच्या हातात दिली आणि बाह्या दुमडत शेडमागे गेले.