झाकण बांधलेली करवत

आमचे हे दातांचे डॉक्टर. दोन बोटांनी दात हलवून सांगतात, राहील की जाईल. घर चालतं ते त्याच बोटांवर. पण हे त्यांना कुणी सांगायचं? त्यांना मध्येच सुतारकामाची हौस आली. हौसेला मोल नसतं म्हणतात. थोडी अक्कल तरी लागते की नाही?

गॅरेजमध्ये मायटर सॉ आला. म्हणजे टेबलावर बसवलेली विजेची गोल करवत. हँडल खाली दाबलं की लाकूड हव्या त्या कोनात कापते. जुनाच माल, कुणाच्या तरी बंद पडलेल्या वर्कशॉपमधला. पात्यावरचं झाकण तारेने वर बांधूनच आलेलं. ते झाकण बोटं वाचवायला असतं, हे मशीनवर चित्र काढून सांगितलंय. ह्यांनी तार काही सोडली नाही.

"आधीचा मालक जाणकार दिसतो," म्हणाले. "झाकणामुळे रेघ दिसत नाही."

नाचता येईना अंगण वाकडं.

त्या दुपारी मी चहा घेऊन गेले. हे स्वतःच्याच प्रमाणपत्रांना चौकटी करत बसले होते. शटर अर्धं खाली, आत भुशाने धुरकटलेला उजेड, जळक्या लाकडाचा वास. पातं किंचाळायचं, मग उतरत्या सुरात बराच वेळ गुणगुणत राहायचं. बटण सोडलं तरी ते लगेच थांबत नाही. आणि हे महाशय तेवढ्यात हात घालून तुकडा उचलायचे!

पुढचा तुकडा वीतभरही नव्हता.

"अहो, क्लॅम्प लावा."

"कशाला? बघ, लाकूड जागचं हलत नाही. हात बसलाय माझा."

मी बघितलं. उजवा हात हँडलवर होता. डाव्या हाताने ते चष्मा वर सारत होते. लाकूड कुणीच धरलं नव्हतं. तरी पातं त्यातून आरपार गेलं आणि ते केसभरही सरकलं नाही. भुसा सगळीकडे बसत होता; फक्त लाकडावर चार बोटं मावतील एवढी जागा स्वच्छ राहिली होती...

मी चहा तिथेच खाली ठेवला.

"अहो... बंद करा ते."

"झालं हिचं सुरू," म्हणत ह्यांनी पुढचा तुकडा घेतला.

गाढवापुढे गीता वाचण्यात अर्थ नव्हता. मी गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला, दाराशी गेले आणि प्लगच उपटला. सूर उतरायला लागला... मध्येच अडला... आणि पुन्हा चढायला लागला. वायर माझ्या हातात लोंबत होती.

हे माझ्याकडे पाठ करून उभे होते. हँडल अजून खाली दाबलेलंच.

"हात सोड ना माझा," वैतागून म्हणाले. "काम करू देशील की नाही?"

मी दाराशी होते.

त्यांचा डावा हात टेबलावरून पात्याकडे सरकत होता. हळूहळू. मनगट पुढे जात होतं आणि खांदा मागे ओढ घेत होता.

"सोड म्हणतो ना... अगं..."

मी धावले. मागून कॉलर धरून ओढलं आणि दोघंही भुशात आदळलो. मग पातं थांबलं. मी त्यांची बोटं मोजली. सगळी होती. करंगळीचं नख तेवढं गेलं होतं. मी रडले, भीतीने कमी आणि रागाने जास्त.

एवढं होऊन माणूस काय म्हणाला असेल? "तूच मनगट ओढलंस, म्हणून माझा तोल गेला." धन्य!

मनगटावर निळे वळ उठलेत. माझ्याच बोटांचे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मी त्यांना पुन्हा टेबलाशी उभं केलं आणि वळांवर माझी बोटं ठेवून पाहिली. ह्या बाजूने अंगठा काही केल्या जुळेना. समोरून, पात्याच्या पलीकडून धरलं, तरच जुळतो.

पात्याच्या पलीकडे भिंत आहे. मशीन तिला इतकं खेटून बसवलंय, की मध्ये माझा झाडूसुद्धा शिरत नाही.